आयर्विनला किती? पुराच्या प्रश्नापासून परदेशातल्या नगरनियोजनाच्या मास्टर्सपर्यंत

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती?" १९२९ साली कृष्णेवर बांधलेल्या या पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आकड्याला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, तिथे बांधकामाला परवानगी कशी मिळते, मिळाली तर जोतं किती उंच ठेवायचं आणि ज्याला ते परवडत नाही त्याने राहायचं कुठे, इथून नगरनियोजन सुरू होतं. सिव्हिल, आर्किटेक्चर, भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजकार्य शिकून या विषयात परदेशी मास्टर्स करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आमचं म्हणणं एवढंच की देश आणि विद्यापीठ नंतर बघा, आधी स्वतःचा प्रश्न ठरवा. पैसे, वेळ आणि नोकरी या तिन्हींचं गणित त्यावर बसतं.

एका घराचं जोतं

विषय समजून घ्यायला एक घर पुरेसं आहे. नदीकाठच्या नकाशावर पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे पहिला गैरसमज होतो. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षं निवांत, असा नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का असते. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेसाठी हाच हिशेब केला तर ७१ टक्के.

आता नियम बघा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्याप्रमाणे, दोन रेषांमधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. समजा तुमच्या प्लॉटची जमीन त्या पातळीपेक्षा २ मीटर खाली आहे. जोतं झालं २.४५ मीटर, म्हणजे आठ फूट. कागदावर हे बिनचूक आहे. पण घरात व्हीलचेअरवरची आजी असेल तर १ ला १२ उताराचा रॅम्प लागतो, आणि त्याची लांबी होते २९ मीटर, जवळजवळ ९६ फूट. गुंठाभर प्लॉट म्हणजे ३३ बाय ३३ फूट. रॅम्प बसायचा कुठे? आठ फूट जोत्याचा खर्च कुठल्या कर्जात धरायचा? आणि जोत्याऐवजी मालकाने सगळ्या प्लॉटवर मुरमाचा भराव टाकला, तर ते पाणी शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात जाणार. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल भागात, जिथे काळी जमीन आहे, गुंठेवारीने, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांवर, वस्ती वाढली आणि पाणी मुरायला नि वाहायला वाट कमी पडते, तिथे असे भराव एकेक करून टाकले गेले की पुराची गरजच उरत नाही. जोराचा पाऊस पुरतो.

या एका घरात जलशास्त्र आहे, कायदा आहे, जमिनीचा बाजार आहे आणि आजीही आहे. हे सगळं एकत्र धरून निर्णय करायचा म्हणजे नगरनियोजन. शाश्वत विकास हा शब्द १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालापासून रूढ झाला: आजची गरज भागवताना पुढच्या पिढीची सोय बुडवायची नाही. अभ्यासक्रमात मात्र तो झाडं लावण्यापुरता नसतो. पर्यावरण, पैसा आणि न्याय यांची ओढाताण होते तेव्हा कुणाचं नुकसान कोण भरून देणार, हा तिथला खरा प्रश्न.

पदव्यांची नावं फसवी असतात

परदेशी विद्यापीठांत सारख्याच दिसणाऱ्या नावांखाली चार वेगळे अभ्यासक्रम असतात. अर्बन प्लॅनिंगमध्ये जमीनवापर, कायदा, वाहतूक, घरबांधणी, लोकसंख्येचे अंदाज आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर माहितीचे नकाशे करणं. अर्बन डिझाइन म्हणजे रस्ते, चौक, इमारतींची रचना. इथे पोर्टफोलिओशिवाय दार उघडत नाही आणि आर्किटेक्ट नसलेल्यांची दमछाक होते. अर्बन मॅनेजमेंटमध्ये पालिकेचा पैसा, पाणीपुरवठ्यासारख्या सेवा आणि कारभार. सस्टेनेबल डेव्हलपमेंट नावाच्या पदवीत शहर असेलच असं नाही. कधी निम्मी पदवी कंपन्यांच्या अहवालांवर जाते. म्हणून नाव वाचून अर्ज करू नका. मॉड्यूलची यादी उघडा, प्रत्येकापुढचे क्रेडिट मोजा. युरोपातल्या मोजणीचा, म्हणजे ईसीटीएसचा, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, वर्षाचे ६०. त्यातले किती तुमच्या प्रश्नाला लागू आहेत? निम्म्याहून कमी असतील तर कोर्स तुमचा नाही.

काही उदाहरणं. रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठातली आयएचएस ही संस्था १९५८ पासून आहे आणि तिथलं शहरी व्यवस्थापन व विकासाचं मास्टर्स एका वर्षाचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट आपल्यासारख्या देशांच्या शहरांवरच काम करतं. जर्मनीत डॉर्टमुंडचा 'स्प्रिंग' अभ्यासक्रम पहिलं वर्ष तिथे आणि दुसरं घाना, टांझानिया, फिलिपिन्ससारख्या देशातल्या भागीदार विद्यापीठात घेतो. सांगलीचे प्रश्न घेऊन जाणाऱ्याला हा रस्ता आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो, पण युरोपचं आकर्षण असलेली मुलं नेमका हाच टाळतात. 'फोरसिटीज' हे इरॅस्मस मुंडस (युरोपीय संघाच्या संयुक्त पदव्यांची योजना) मास्टर्स ब्रसेल्स, व्हिएन्ना, कोपनहेगन आणि माद्रिद अशा चार शहरांत फिरवतं. स्वीडनमध्ये स्टॉकहोमचं केटीएच. अमेरिकेत एमआयटी, बर्कली वगैरे. तिथे पदवी दोन वर्षांची.

स्टुडिओ हा शब्द सगळीकडे भेटेल. वर्गात बसून ऐकायचा तो तास नव्हे. पाच-सहा जणांचा गट, एक खरी पालिका किंवा वस्ती, आणि एका सत्रात तिच्यासाठी प्रत्यक्ष आराखडा. आपल्याकडे ड्रॉइंगला आणि तोंडीला गुण मिळतात तशी सवय घेऊन गेलेली मुलं इथे अडखळतात, कारण "हाच पर्याय का, दुसरा का नाही" याला गुण असतात आणि गटातल्या एकाने काम सोडलं तर ते सगळ्यांच्या अंगावर येतं.

नेदरलँड्स बघायचं कशासाठी

पुराचं नाव निघालं की नेदरलँड्सचं नाव निघतंच. १९९३ आणि १९९५ ला तिथल्या नद्या फुगल्या. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच न करता 'नदीला जागा' हा कार्यक्रम तीसहून जास्त ठिकाणी केला. नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला, नदीला समांतर नवा प्रवाह खोदला, आणि त्यासाठी सुमारे ५० घरं उठवली.

हे बघून परत आलेला माणूस "कृष्णेलाही असंच करा" म्हणाला तर त्याने काही शिकलेलं नाही. कृष्णेचा पूर चार महिन्यांच्या पावसावर, कोयनेच्या विसर्गावर, हरिपूरजवळ मिळणाऱ्या वारणेवर अवलंबून आहे, आणि खाली अलमट्टी धरणाच्या पातळीवरून वाद चालूच आहे. तिथून आणायची गोष्ट वेगळी: ती ५० घरं उठवताना कुणाशी किती वर्षं बोलणी झाली, मोबदला कशावरून ठरला, कोण अडून बसलं. कोर्समध्ये हा भाग शिकवतात का, हे मॉड्यूलच्या यादीत शोधा.

कागद आणि कुठे घोळ होतो

अर्जाचं काम प्रवेशाच्या दीड वर्ष आधी सुरू करा. इरॅस्मस मुंडसच्या तारखा साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, अमेरिकेच्या डिसेंबर-जानेवारी, स्वीडनच्या पहिल्या फेरीची मध्य-जानेवारी. स्वीडनला एकाच अर्जात चार मास्टर्सपर्यंत पसंतीक्रम देता येतो. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होते, आणि तिला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे पुढच्या सप्टेंबरला जायचं असेल तर या गणपतीत अर्ज तयार हवा.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त नडतो. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, कधी वडिलांचं नाव गाळलेलं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे लिहा आणि फरकाचं एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून शिकलेल्यांनी ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार सीलबंद प्रती एकदमच काढाव्यात. वालचंदसारख्या स्वायत्त कॉलेजात गुणपत्रक कॉलेजचं आणि पदवी विद्यापीठाची असते; दोन्हींकडचे कागद लागतात.

जर्मनीसाठी गुणांचं रूपांतर आधी स्वतः करून बघा. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. सीजीपीए ७.८ आणि उत्तीर्णतेला ४ असेल तर उत्तर २.१. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बरेच कोर्स २.५ ला दार लावतात. पण उत्तीर्णतेची मर्यादा ५ धरली तर तोच विद्यार्थी २.३ वर जातो. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी किती, हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर लिहून घ्या. नाहीतर समोरचा आपल्या अंदाजाने धरतो. याशिवाय भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला, लागतं. त्याचं शुल्क १८ हजार रुपये आहे आणि गर्दीच्या दिवसांत ते हातात पडायला महिने जातात.

इंग्रजीच्या आयईएलटीएसमध्ये बहुतेक ठिकाणी ६.५ ते ७. निकाल दोनच वर्षं चालतो. शिफारसपत्र सरांच्या संस्थेच्या ईमेलवरूनच जायला हवं. जीमेलवरून आलेलं पत्र बऱ्याच ठिकाणी पडताळणीत अडकतं.

एसओपी

एसओपी म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र. त्यात "मला लहानपणापासून शहरांची आवड आहे" आणि "स्मार्ट सिटी हे माझं स्वप्न आहे" अशी दोन वाक्यं आली की वाचणारा पुढचं वाचत नाही. एक जागा, एक प्रश्न, तुम्ही त्यावर केलेलं एक काम आणि तुम्हाला न जमलेली एक गोष्ट, एवढं लिहा. न जमलेली गोष्ट महत्त्वाची, कारण ती शिकायलाच तुम्ही निघालात. सांगलीतल्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पाणलोटात किती घरं नाल्याला जोडलेली आणि किती ड्रेनेजला, हे तुम्ही चार गल्ल्यांपुरतं मोजलंत तरी ते तुमचं. साताऱ्याकडच्यांना कास पठार आहे: २०१२ मध्ये जागतिक वारसा झालं आणि त्याच्या रस्त्यावर हॉटेलं उभी राहिली. जत-आटपाडी किंवा माण-खटावकडून दुष्काळात शहराच्या कडेला येऊन राहणारी कुटुंबं कुठल्या विकास आराखड्यात मोजली जातात? हेही प्रश्नच आहेत, आणि कमी लोकांनी हात लावलेले.

नकाशा स्वतः काढा. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक खड्डा मात्र नेहमीचा: इंटरनेटवरची फुकट उपग्रही उंची, जिचा एक चौकोन ३० मीटरचा असतो, ती घेऊन मुलं गल्लीपर्यंतचा पूर दाखवतात. त्या उंचीतच काही मीटरची चूक असते. जोत्याचा प्रश्न अर्ध्या मीटरचा. परीक्षकाच्या हे लगेच ध्यानात येतं. त्यापेक्षा भिंतींवरच्या २०१९ च्या पुराच्या खुणा टेपने जमिनीपासून मोजा, प्रत्येक जागा नकाशावर टाका, मोजलेली तारीख लिहा. पन्नास खुणा पुरेत. निळ्या-लाल रेषांचा नकाशा आणि विकास आराखड्याचं पान दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस.

पैसा

आधी शिष्यवृत्त्या. इरॅस्मस मुंडस मिळाली तर शिक्षणशुल्क नाही आणि महिन्याला १,४०० युरो. जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची ईपॉस योजना दोन वर्षांचा अनुभव मागते, आणि पदवीला सहा वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाहीत. राज्य सरकारकडे अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीमार्फत, आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. यांत जागतिक क्रमवारीची अट असते, आणि इथे नगरनियोजनवाले हमखास फसतात: विषयात नावाजलेली छोटी संस्था सर्वसाधारण क्रमवारीत खाली असू शकते. त्या वर्षीची जाहिरात वाचून मगच विद्यापीठ निवडा.

आता कर्ज. सांगलीकडे घरात द्राक्षबाग आहे, ऊस आहे, सातबारा भक्कम आहे, तरी बँक तारण म्हणून शेतजमीन घ्यायला नाखूश असते. कारण सरफेसी कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन वगळली आहे. कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्याने जप्त करता येत नाही. बँकेला हवा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट किंवा फ्लॅट. गुंठेवारीचा प्लॉट नियमित झालेला नसेल तर तोही परत येतो. म्हणून घरात "जमीन आहे की" असं कुणी म्हणालं तर प्रवेशपत्र यायच्या आधीच कागद बँकेत नेऊन दाखवा.

हप्त्याचा अंदाज घ्या. ३० लाख, १० टक्के, दहा वर्षं: महिन्याला सुमारे ३९,६५० रुपये. पण शिकताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं तर अडीच वर्षांत साडेसात लाख चढतात आणि हप्ता जातो ४९,५५० च्या घरात. भारतात परत येऊन नियोजनात पहिली नोकरी धरणाऱ्याला हे जड आहे. शिष्यवृत्ती किंवा कमी फीचं विद्यापीठ नसेल तर थांबा, वर्षभर नोकरी करा, पुन्हा अर्ज करा, असंच आम्ही सांगू.

व्हिसासाठी जर्मनीला ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (२०२४ पासूनचा आकडा). बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात त्यावर सत्राला १,५०० युरो शुल्क. ब्रिटनला रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एका दिवसासाठीही कमी झालेली चालत नाही. आणि खातं तुमचं किंवा आईवडिलांचं. काका-मामांच्या खात्यातले पैसे मोजत नाहीत. ऊसबिल जमा झालं आणि पंधराव्या दिवशी खताच्या दुकानाला चेक गेला, तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून. पतसंस्थेतली ठेव तर दाखवूच नका, ती बँकेत वळवा.

राहायचं की परतायचं

नियोजनाचा कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, म्हणून ही पदवी सॉफ्टवेअरच्या पदवीसारखी कुठेही चालत नाही. जर्मनी शिक्षणानंतर १८ महिने नोकरी शोधायला देते, नेदरलँड्स एक वर्ष. पण कोर्स इंग्रजीत असला तरी तिथल्या पालिकेची कामं जर्मन किंवा डचमध्येच चालतात. बी२ पातळीची भाषा नसेल तर जीआयएस, सल्लागार कंपन्या आणि संशोधन एवढंच उरतं. ब्रिटनमध्ये राहायचं असेल तर कोर्सला तिथल्या नियोजकांच्या संस्थेची, आरटीपीआयची, मान्यता आहे का ते बघा, अमेरिकेत पीएबी या मान्यता मंडळाची. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं. त्यापुढचे २४ महिने कोर्सचा वर्गीकरण-क्रमांक स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तरच, आणि नियोजनाचे सगळे कोर्स त्यात नसतात. प्रवेश घेण्याआधी तो क्रमांक लेखी विचारा.

परतायचं असेल तर एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या. महाराष्ट्राच्या नगररचना विभागात किंवा पालिकेत काम करायचं असेल तर १९६६ चा एमआरटीपी हा राज्याचा नगररचना कायदा, टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आरक्षणं हे पुण्याच्या सीओईपी, अहमदाबादच्या सेप्ट किंवा दिल्लीच्या एसपीएमध्ये शिकायला मिळतं. परदेशात कुणी शिकवणार नाही. परदेशी पदवीचा उपयोग पूर, हवामान, वाहतूक, शहरांचा पैसा अशा विषयांतल्या संशोधन संस्था आणि सल्लागारांकडे जास्त. सरकारी जाहिरातीसाठी पदवीची समकक्षता लागते. २०२५ च्या नियमांनी ते काम यूजीसीकडे आलं आहे. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला २०२२ च्या करारानंतर मान्यता आहे.

शेवटची अडचण प्रबंधाची. ब्रिटनमध्ये तो जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत लिहायचा असतो, म्हणजे नेमका आपला पावसाळा. सांगलीवर करायचा असेल तर लोकांच्या मुलाखतींना विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आधी लागते. तिला काही आठवडे जातात आणि त्याआधी घेतलेल्या मुलाखती प्रबंधात वापरता येत नाहीत. अर्ज मार्चमध्ये द्या, प्रश्नावली मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही जोडा. माहिती अधिकाराचे अर्जही त्याच महिन्यात टाका. जुलै संपता संपता आयर्विनवर आकडा चढायला लागला की पालिकेतला माणूस नकाशासाठी फोन उचलणार नाही, आणि तेव्हा ते बरोबरच असतं.